कोणती गोळी

शालिग्राम पाटलाला गोळी गिळता येत नसे. सदुसष्ट वर्षांचा माणूस, केळीचा पंचवीस-तीस किलोचा घड अजून खांद्यावर घेऊन बांधापर्यंत येणारा; पण पांढरी गोळी जिभेवर ठेवली की घशात काहीतरी आडवं पडायचं आणि पाण्यासकट सगळं बाहेर. म्हणून डॉक्टरने दोन औषधं लिहून दिली तेव्हा त्यांतली कॅप्सूल तो केळाच्या घासात दडवून कशीबशी उतरवायचा, आणि गोळी त्याची सून योगिता पोळपाटावर लाटण्याने चुरून, बोटाने गोळा करून, मधात कालवून द्यायची.

दुखणं कार्तिकात बाहेर पडलं होतं. तसं ते वर्षभर होतंच. फोपनार गावच्या वावरात कापणी लागायची, बांधावर ट्रक उभा असायचा, आणि शालिग्राम केळीच्या आड जाऊन उभाच. धार सुटायची नाही. सुटली तर थेंब थेंब, मध्येच बंद. परत येऊन कुठे विळा हातात घेतला की पुन्हा कळ. मजूर एकमेकांकडे बघायचे. शेवटी मुलगा नितीन त्याला मोटरसायकलवर बसवून बऱ्हाणपूरला घेऊन गेला. सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाला, "काकाजी, गांठ बढ़ी है. प्रोस्टेट की."

गाठ म्हटल्यावर शालिग्रामच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टर हसला. "कैंसर नहीं है. उमर के साथ सबकी बढ़ती है. ये दो दवा रोज खाने के बाद. दो महीने में दिखाना."

दोन महिन्यांनी दाखवलं नाही. कापणी चालू होती आणि औषध लागू पडलं होतं. पहिल्या आठवड्यात तेवढा त्रास झाला. ठिबकचा कॉक फिरवायला वाकला आणि सरळ होताना डोळ्यांपुढे काळं येऊन गाळात बसला. सुमित्रा, त्याची बायको, म्हणाली उन्हाचं आहे. नितीन म्हणाला, "बाबा, वो कैप्सूल से होता है, मेडिकलवाला बोला. उठताना आरामात उठायचं." पुढे चक्कर थांबली, धार मोकळी झाली, आणि संक्रांतीपर्यंत तो दुखणं विसरला. रिकामी पाकिटं दाखवून मेडिकलमधून नवी यायची. योगिता जेवणानंतर तळहातावर कॅप्सूल आणि वाटीत मधातली भुकटी पुढे करायची. त्याच सुमारास तिला दिवस राहिले. लग्नाला चार वर्षं झाली होती. सुमित्राने रेणुकामातेला जाऊन नवस बोलला: नातू दे, खणानारळाने ओटी भरीन.

चैत्रात शालिग्रामची छाती दुखायला लागली.

आत नाही, वर. घड खांद्यावरून उतरवताना डाव्या बाजूला घासला आणि डोळ्यांतून पाणी आलं. चाचपून पाहिलं तर बोंडाखाली सुपारीएवढं काहीतरी टणक. पंधरा दिवसांत उजवीकडेही तसंच. मग दोन्ही बाजू भरून आल्या. सदरा घातला की कापड टोचायचं.

दुपारी मोटरीच्या धारेखाली पुरुष माणसं अंग धुवायची. शालिग्रामही उघडाच बसला होता. शेजारच्या वावराचा निंबा त्याचा लहानपणापासूनचा सोबती. त्याने तोंडावरचा साबण पुसला आणि बघतच राहिला.

"काय रे शालिक," तो म्हणाला, "म्हातारपनी कोनाले पाजतो का काय?"

कापणीच्या टोळीतली चार-पाच माणसं खो खो हसली. शालिग्रामही हसला. हसत हसतच त्याने टॉवेल खांद्यावरून पुढे ओढला. दुसऱ्या दिवसापासून तो बंडी घालूनच अंघोळ करायला लागला, आणि ओली बंडी अंगावरच वाळवायला लागला.

हे काय होतंय ते त्याला कळेना. खालची गाठ वर चढली असेल? का डॉक्टर खोटं बोलला आणि हा तोच रोग? का आपण बाई होत चाललोय? हा शेवटचा विचार आला की त्याला स्वतःचीच लाज वाटायची, पण तो पुन्हा पुन्हा यायचा. कारण शरीरातून आणखीही काही निघून गेलं होतं. सुमित्रा शेजारी असली तरी आता मनात काही उठत नसे. त्याबद्दल तिनेही विचारलं नव्हतं, त्यानेही सांगितलं नव्हतं. एकदा चादर ओढताना तिचा हात छातीला लागला आणि तो झटक्याने दूर झाला.

"काय झालं हो?"

"काही नही. झोप."

मग त्याने विचार केला. कार्तिकाआधी हे नव्हतं. कार्तिकापासून पोटात नवीन गेलं ते औषधच. पण औषधं दोन. पाकिटांवरची अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, नितीनला विचारावं तर का विचारता हे सांगावं लागणार. त्याने आपल्या परीने हिशेब जुळवला. चक्कर कोणी आणली होती? कॅप्सूलने. म्हणजे अंगावर उलटणारी ती. गोळी बिचारी मधातली, तिने कधी काही केलं नाही. तेव्हा दोष कॅप्सूलचा.

त्या दिवसापासून तो मधातली भुकटी चाटायचा, केळ सोलायचा आणि कॅप्सूल मुठीत दाबून गोठ्याकडे जायचा. तिथे गव्हाणीमागच्या नालीत ती टाकायची आणि वरून पायाने माती ओढायची. वाटी घेऊन उभी असलेल्या योगिताला वाटायचं, मामाजी औषध गिळून गाईला गोंजारायला जातात.

छाती उतरली नाही. धार मात्र पुन्हा बारीक व्हायला लागली. आता याला काय म्हणावं? औषध घेतलं तर एक, सोडलं तर दुसरं. तो थांबून राहिला. थोडे दिवस जाऊ देऊ, त्याला वाटलं, अंगातून उतरायला वेळ लागत असेल.

वैशाखात वावटळ आली. दुपारी चारला आभाळ तांबूस झालं, तापीच्या बाजूने वारा उठला आणि अर्ध्या तासात तीन एकर बागेतली निम्मी केळी आडवी झाली. काही खांब मध्येच मोडले होते, काही मुळासकट उपटून एकमेकांवर पडले होते. घड अजून महिनाभर कच्चे. मागून गारांचा पाऊसही येऊन गेला. दुसऱ्या दिवसापासून घरातली सगळी माणसं वावरात. पडलेल्या झाडांचे घड वेगळे करायचे, जे विकण्यासारखे ते बांधावर आणायचे, उभ्या झाडांना दोरीने ताण द्यायचा. टोळी मिळेना, सगळ्या गावाचीच बाग पडलेली. शालिग्राम चिखलात गुडघ्यापर्यंत उतरून खांब तोडत होता. केळीचा चीक अंगभर, बंडी त्याने काळी झालेली. नितीनने दोनदा सांगितलं, "बाबा, बंडी काढा ना, किती गरमी आहे." त्याने काढली नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला सर्दी झाली. नाक गच्च, डोकं जड. बहादरपूरच्या मेडिकलमधून निंबाने दोन गोळ्या आणल्या, त्याही सुमित्राने चुरून दिल्या. झोप छान लागली. सकाळी उठला तो केळीच्या आड जाऊन उभा राहिला आणि काहीच झालं नाही.

त्याला वाटलं, होईल. विळा घेतला. नऊ वाजले, दहा वाजले. तीन वेळा आड जाऊन आला. कळ तर अशी की मांड्या थरथरत होत्या, आणि थेंब नाही. त्याने बादलीतलं पाणी पायांवर ओतलं. उकिडवा बसला, उभा राहिला, झाडाला टेकला. पोट बेंबीपर्यंत नगाऱ्यासारखं ताणलं होतं. अकरा वाजता निंबाला तो एका पडलेल्या खांबावर कपाळ टेकून, दोन्ही हातांनी ओटीपोट धरून बसलेला दिसला. कण्हत होता, पण दात आवळून, आवाज बाहेर जाऊ नये असा.

"शालिक? अरे काय झालं?"

"मुतच येत नही रे निंबा. सकाळपासून. फुटतो आता मी."

निंबा या वेळी हसला नाही. धावत बांधाकडे गेला.

गावातल्या एकाची पिकअप मिळाली. शालिग्रामला मागे केळीच्या पानांवर आडवा घातला. नितीन उशाशी बसला. सुमित्रा रडत होती, म्हणून योगिताच औषधांची पिशवी घेऊन पुढे बसली. कोणतं औषध कधी, हे घरात तिलाच ठाऊक होतं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा शालिग्रामच्या पोटात उतरत होता. बऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्याच्या अलीकडच्या त्याच दवाखान्यात पोचले तेव्हा तो देवाचं नाव घेणंही विसरला होता. आधीचा डॉक्टर नव्हता. एक तरुण डॉक्टरीण होती. शालिग्रामने तोंड भिंतीकडे केलं. वॉर्डातल्या माणसाने नळी घातली, आणि पिशवीत लघवी उतरत गेली, उतरत गेली. शालिग्राम हमसून हमसून रडला. दुखत होतं म्हणून नाही. दुखणं थांबलं होतं म्हणून.

डॉक्टरणीने औषधं मागितली. योगिताने दोन्ही पाकिटं पुढे ठेवली.

"सर्दी की गोली ली थी क्या?"

"हो, काल," नितीन म्हणाला.

"उससे पेशाब रुक जाता है ऐसे मरीज का. पर ये कैप्सूल रोज चल रही थी ना? फिर इतना नहीं रुकना चाहिए."

"रोज देते मी," योगिता म्हणाली. "एक दिवस चुकला नाही. मामाजी, सांगा ना."

शालिग्राम छताकडे बघत होता. डॉक्टरणीने स्टेथोस्कोप लावायला बंडी वर केली आणि तिचा हात थांबला. "ये कब से है, काका?"

खोलीत मुलगा होता, सून होती. शालिग्रामला वाटलं, मघाची कळ परत आली तरी चालेल. "चैत्रापासून," तो म्हणाला. मग एकदम सगळंच बाहेर आलं. निंबा काय बोलला ते. बंडी का काढली नाही ते. कॅप्सूल आणि गोठ्यामागची नाली. "मले वाटलं, तिच्यानंच व्हते."

योगिताने कॅप्सूलचं पाकीट उचलून बघितलं.

"उलटा कर दिया काका आपने," डॉक्टरीण म्हणाली. आवाजात राग नव्हता. "कैप्सूल रास्ता खोलती है. छाती में जो हुआ वो गोली से होता है. किसी किसी को. हार्मोन की दवा है. बताना था ना, हम बदल देते. औरत नहीं बन रहे आप, घबराओ मत."

शालिग्रामने डोळे मिटले. दोन महिने उराशी धरलेली भीती तिने चार वाक्यांत मोडून टाकली होती. आणि तो भलतंच औषध फेकत राहिला होता. त्याला हसावं की रडावं कळेना.

डॉक्टरणीने गोळीचं पाकीट हातात घेतलं. "गोली निगल लेते हो?"

"नही, ही चुरून देते," त्याने सुनेकडे हात केला.

डॉक्टरीण योगिताकडे वळली. तिच्या पोटाकडे बघितलं. "तुम? हाथ से? कौन सा महीना?"

"चौथा सरला."

"कब से पीस रही हो?"

"पहिल्यापासून. रोज."

डॉक्टरणीने खुर्ची ओढली आणि योगिताला बसायला सांगितलं. अख्खी गोळी हाताळली तर काही नाही, ती म्हणाली, पण तुटलेली, चुरलेली गोळी गरोदर बाईने हातात घेऊ नये. चमडी से अंदर जा सकती है. पोटात मुलगा असेल तर कधी कधी त्याची लघवीची जागा नीट घडत नाही, छेद टोकावर न होता खाली होतो. "होगा ही, ऐसा नहीं. हाथ से बहुत कम जाता है. ज्यादातर कुछ नहीं होता. लड़की हो तो कोई बात ही नहीं."

"मग बघा ना, मुलगा आहे की मुलगी," नितीन पटकन बोलला.

"वो पूछना भी मत," ती कडक झाली. "जुर्म है. और देख के भी करोगे क्या?"

योगिता आपल्या उजव्या हाताची बोटं साडीला पुसत होती. पुन्हा पुन्हा पुसत होती.

नळी दहा दिवस राहिली. मांडीला बांधलेली पिशवी धोतराखाली घेऊन शालिग्राम ओट्यावर बसायचा. गोळी बंद झाली, कॅप्सूल राहिली, ती आता तो स्वतःच्या हाताने काढायचा आणि स्वतः गिळायचा. दहाव्या दिवशी नळी काढली. दवाखान्याच्या मोरीत नळ सोडून तो तासभर उभा राहिला आणि शेवटी धार आली. पुन्हा अडली तर ऑपरेशन, डॉक्टरीण म्हणाली. छाती हळूहळू मऊ झाली, पण पूर्ण सपाट काही झाली नाही.

घरात मात्र कोणालाच कळेना, काय बोलायचं. चूक कोणाची? पहिल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं. पाकिटातला कागद इंग्रजीत. नितीन मोबाइलवर वाचत बसायचा आणि वाचून जास्त घाबरायचा. सुमित्रा रेणुकामातेच्या दर्शनाला म्हणून निघाली आणि देवळाच्या पायरीवरून परत आली.

"देवीले आता काय मागू?" ती नवऱ्याला म्हणाली. "नातू मागून बसली मी. आता नात मागू? दिलेलं परत घे म्हनू? तुमीच सांगा."

"मले काय इचारतं," शालिग्राम म्हणाला. "माह्या तोंडानं तर काही मागाचीच लाज वाटते."

आषाढात एकदा तो बागेत नवीन फुटव्यांभोवती माती लावत होता. योगिता डबा घेऊन आली. सातवा लागला होता. वाकता येत नव्हतं, म्हणून तिने डबा बांधावर ठेवला आणि तिथेच बसली. एरवी ठेवून परत फिरायची.

"मामाजी," ती म्हणाली, "एक विचारू? ती गोळी टाकून कॅप्सूल खाल्ली असती तुम्ही, तर?"

त्याने फावडं थांबवलं. हे त्याच्या मनात रोज येत होतं. चैत्रात बरोबर गोळी फेकली असती, तर तिचं चुरणंही तेव्हाच थांबलं असतं. छे, ती चुरतच राहिली असती आणि तो भुकटी नालीत ओतत राहिला असता. काही फरक पडला नसता. का पडला असता? तिला सांगितलं असतं तर पडला असता.

"मी सांगाले पाहिजे होतं," तो म्हणाला. "तुले नही तर नितीनले. लाज वाटली बेटा."

"मलाही वाटते लाज," योगिता म्हणाली. "मी काही फार जीव लावून चुरत नव्हते. तुम्ही ओकून द्यायचे आणि ओटा मला पुसावा लागायचा, म्हणून चुरत होते. आता सगळे म्हणतात, बिचारी सेवा करत होती. मला ते ऐकवत नाही."

शालिग्रामने डबा उघडला आणि अर्धी भाकरी तिच्यापुढे केली. ती त्याच्यासमोर कधी जेवत नसे. तिने घेतली.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी, बऱ्हाणपुरात ती बाळंत झाली. नर्स दार उघडून हसत बाहेर आली. "लड़का हुआ है!"

बाकावरचे तिघे उठून उभे राहिले. कोणी हसलं नाही. नर्स तिघांची तोंडं बघत राहिली. असं आजवर तिने पाहिलं नसावं.

"ठीक आहे ना?" नितीनने विचारलं.

"ठीक मतलब? तीन किलो का है. बच्चेवाले डॉक्टर शाम को देखेंगे."

संध्याकाळ व्हायला चार तास होते. सुमित्रा आत जाऊन आली. शालिग्रामने भुवयांनी विचारलं. तिने मान हलवली. "मले तर बरोबरच दिसते. पन मले काय समजते हो. इवलंसं तर आहे."

नितीन डॉक्टर किती वाजता येतात ते विचारायला गेला. शालिग्रामला आत बोलावलं. योगिता खाटेवर पडली होती, तोंड भिंतीकडे. तिने अजून दुपटं सोडून पाहिलं नव्हतं. सुमित्राने बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. लाल, सुरकुतलेलं, डोळे घट्ट मिटलेलं. आपण त्याला हात लावावा की लावू नये, हेही शालिग्रामला कळत नव्हतं. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, पाय झाडले. दुपट्याचं टोक सुटलं. मग आणखी सुटलं.

आणि धार उडाली. बारीक, सरळ, कमानीसारखी वर चढली आणि शालिग्रामच्या सदऱ्यावर, छातीवर, गळ्यापर्यंत येऊन पडली. सुमित्रा "अगोबाई" म्हणत फडकं घेऊन धावली, तर त्याने हात करून तिला थांबवलं. तो जरासुद्धा हलला नाही. धार संपेपर्यंत मान पुढे काढून बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी दाढीच्या खुंटांतून ओघळायला लागलं.

"काय झालं मामाजी?" योगिताने तोंड न वळवता विचारलं.

"मुतला."

मग हळू आवाज आला, "कुठून?"

"जिठून मुताले पाहिजे तिठून, बेटा," शालिग्राम म्हणाला. "अगदी टोकावरून. उठ, पाह्य तर खरं."

योगिता कोपरावर जोर देऊन उठायला लागली.